महायुद्ध जिंकल्यावर मित्राशी वैर कसं धरावं

समजा, तुम्ही नुकतंच एक महायुद्ध जिंकलंय. शत्रू शरण आलाय, त्याची राजधानी म्हणजे विटांचा ढिगारा झालाय, आणि 25 एप्रिल 1945 ला एल्बे नदीकाठच्या टोरगावला तुमचे शिपाई पूर्वेकडून आलेल्या मित्रसैन्याला मिठ्या मारताना फोटोत दिसतायत. अभिनंदन. आता खरी पंचाईत सुरू होते. शत्रू संपला, मित्र तेवढा शिल्लक राहिला. त्याचं काय करायचं?

लगेच अंगावर धावून जाऊ नका. चर्चिलला धीर धरवला नाही. विजयाला जेमतेम दोन आठवडे होतात तोच, 22 मे 1945 ला, त्याच्या सेनाधिकाऱ्यांनी सोव्हिएत सैन्यावर हल्ल्याचा आराखडा तयार करून दिला. मुहूर्त 1 जुलै, 47 डिव्हिजन इंग्रज-अमेरिकन, आणि काल ज्यांना हरवलं त्याच जर्मनांच्या हातात पुन्हा बंदुका. योजनेचं नावच ‘अनथिंकेबल’. हिशोब मांडणाऱ्यांनीच कळवलं की प्रकरण लांबेल आणि जिंकायची खात्री नाही. कागद कपाटात गेला. घाईने वैर टिकत नाही, हे लक्षात ठेवा. टिकाऊ वैराची बी दोस्ती भरात असतानाच पेरावी लागते. वाटणी करायची, पण मोजणी करायची नाही. ज्यांनी घरात भाऊबंदकी पाहिली आहे त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल.

सामान फारसं लागत नाही. अर्धा ताव कागद आणि निळी पेन्सिल. 9 ऑक्टोबर 1944 ला, रात्री, मॉस्कोत चर्चिलने अशाच कागदावर देशांची नावं लिहिली आणि तिथे कुणाचं किती वजन राहील, याचे टक्के समोर मांडले. रुमानियात रशिया 90, ग्रीसमध्ये ब्रिटन 90, बल्गेरियात रशिया 75, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मेनिम्मे. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली. हा कागद जाळून टाकावा का, असं चर्चिलनेच विचारलं; स्टालिन म्हणाला, ठेवा तुमच्याकडेच. पुढचे दोन दिवस दोघांचे परराष्ट्रमंत्री, ईडन आणि मोलोटोव्ह, भाजीबाजारात करतात तशी घासाघीस करत बसले, आणि हंगेरीतला रशियाचा वाटा निम्म्यावरून 80 टक्क्यांवर गेला. एखाद्या देशात 80 टक्के वजन म्हणजे नेमकं काय, पाचातले चार मंत्री की आठवड्यातले साडेपाच दिवस, हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. आणि ज्या पोलंडपायी हे युद्ध सुरू झालं, त्याचं नाव त्या कागदावर चुकूनही येऊ देऊ नका. ते भांडण याल्टाच्या पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवायचं असतं.

युद्ध संपल्याबरोबर ‘गरज सरो, वैद्य मरो’ हा विधी उरकून घ्या. अमेरिकेने उधार-मदतीखाली रशियाला चार लाखांवर ट्रक आणि जीपगाड्या दिल्या, डबाबंद मांस दिलं, बूट दिले. जर्मनी शरण आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमेरिकेचा अध्यक्ष ट्रूमन याच्या सहीने मदत थांबली, तीही अशी की भर समुद्रातली जहाजं माघारी फिरवली. मग घाईघाईने हुकूम सौम्य केला. अपमान पुरता व्हावा आणि बचत मात्र होऊ नये, यासाठी हाच क्रम पाळावा.

पुढे मित्र कर्ज मागायला येईल. नाही म्हणू नका, फाइल हरवा. ऑगस्ट 1945 मध्ये सोव्हिएत युनियनने 1 अब्ज डॉलरच्या कर्जाचा अर्ज केला. मार्च 1946 मध्ये वॉशिंग्टनने खुलासा केला की एका कचेरीचं दप्तर दुसरीत हलवताना तो गहाळ झाला होता. आपल्याकडे तलाठी ते मंत्रालय या प्रवासात कागद हरवतो, तेव्हा आपण उगाच त्याला मागासलेपण म्हणतो.

गुपिताबद्दल थोडंसं. पॉट्सडॅमला 24 जुलै 1945 ला बैठक संपल्यावर ट्रूमन सहज चालत स्टालिनपाशी गेला आणि विलक्षण संहारक असं नवं अस्त्र हाती आल्याचं जाता जाता सांगितलं. ‘अणु’ हा शब्द काढला नाही. चाचणी आठच दिवसांपूर्वी, 16 जुलैला, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाली होती. स्टालिनच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्याला काही उमगलंच नाही, असं पाहणाऱ्यांना वाटलं. क्लाउस फुक्स नावाचा शास्त्रज्ञ त्याच अणुबॉम्बच्या प्रकल्पात बसून मॉस्कोला तपशील पुरवत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरं, पण समोरच्याने बोटांच्या फटीतून आधीच पाहून घेतलं असेल तर मूठ आवळून बोटंच दुखतात. 29 ऑगस्ट 1949 ला सेमिपालातिन्स्कजवळ रशियाने स्वतःचा अणुबॉम्ब फोडला आणि दुसरी मूठ उघडली.

देश तोडण्यासाठी अर्धा तास पुरतो. 10 ऑगस्ट 1945 च्या रात्री डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं की कोरियात जपान्यांची शरणागती कुणी कुठवर घ्यायची, ती रेघ ठरवा. जवळ नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा होता. सोल आपल्या बाजूला राहावं म्हणून त्यांनी अडतिसावा अक्षांश धरला. तिथे डोंगर नाही की नदी नाही. कोरियन माणूस त्या खोलीत नव्हता. स्टालिनने मान्यता दिली, याचं खुद्द रस्कलाच नवल वाटलं. रेघ तात्पुरती होती. तात्पुरत्या रेघा पक्क्या शाईत काढाव्यात.

पत्रव्यवहार आणि भाषणं यांवर वेळ घालवू नका, ती आपोआप होतात. अमेरिकन वकिलातीतल्या जॉर्ज केननने 22 फेब्रुवारी 1946 ला मॉस्कोहून पाच हजारांवर शब्दांची तार केली, चर्चिलने 5 मार्चला अमेरिकेतल्या फुल्टनच्या कॉलेजात पोलादी पडद्याचं भाषण ठोकलं, ट्रूमनने 12 मार्च 1947 ला ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी 40 कोटी डॉलर मागितले. शब्दांनी वैर पक्कं होतं असा विद्वानांचा समज आहे. खरं घोडं पेंड खातं ते पैशापाशी आणि रस्त्यापाशी, आणि या दोन्ही गोष्टी एकाच गावात हव्या असतील तर बर्लिनला पर्याय नाही. जर्मनीसारखंच हे शहरही अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया या चौघांनी वाटून घेतलं होतं; पहिल्या तिघांचा तो पश्चिम भाग.

आधी पैसा. 1944 मध्ये अमेरिकेने जर्मनीसाठी लष्करी मार्क छापायचं ठरवलं आणि दोस्तीखातर छपाईचे ठसे रशियाला देऊन टाकले. घरातल्या शिक्क्याची दुसरी प्रत शेजाऱ्याला द्यावी तसं. रशियाने आपल्या शिपायांचा थकलेला पगार याच नोटांत चुकता केला; नोटा मायदेशी चालणार नव्हत्या, म्हणून शिपाई मिळेल ते घेत सुटले. अमेरिकन शिपाई घड्याळं, सिगारेटी विकून त्याच नोटा गोळा करी आणि 10 मार्काला 1 डॉलर या दराने घरी पाठवी. एकूण पगारापेक्षा जास्त रक्कम घरी जाऊ लागली, तेव्हा कुठे हिशोबनिसांना शंका आली. तोवर अमेरिकन तिजोरीला 25 कोटी डॉलरच्या आसपास खड्डा पडला होता. रशियन छपाईच्या नोटा ओळखायला सोप्या होत्या, क्रमांकाआधी एक आडवी रेघ असे. पण ओळखायचं आधी ठरवावं लागतं.

मग नवं चलन काढा, आणि मित्राला न विचारता काढा. पश्चिमेचे नवे मार्क अमेरिकेत छापून हजारो खोक्यांतून गुपचूप आणले. खोक्यांवर ‘दाराच्या मुठी’ असं लिहिलेलं. नोटांवर बँकेचं नाव नाही, सही नाही. रविवार, 20 जून 1948 ला माणशी 40 मार्क वाटले. सोमवारी दुकानांच्या काचांमागे अचानक माल दिसू लागला, कालपर्यंत तो कुठे होता हे विचारण्यात अर्थ नव्हता. रशियन भागाने घाईत उत्तर दिलं: जुन्याच नोटांवर एकेक तिकीट डकवून ते नवं चलन म्हणून काढलं. बर्लिनकर त्याला भिंतीवरच्या कागदाचा मार्क म्हणू लागले. पश्चिम बर्लिनच्या नोटांवर ‘बी’ हे अक्षर उमटवलं गेलं. एका शहरात दोन चलनं, आणि मधे ना भिंत ना जकातनाका.

आता रस्ता. बर्लिनचा पश्चिम भाग तुमचा, पण तो मित्राच्या हद्दीत दीडशे किलोमीटरहून आत. आपल्याकडे शेत घेताना माणूस आधी पाणंद कुठून जाते ते विचारतो. 29 जून 1945 ला अमेरिकन जनरल क्ले आणि रशियन मार्शल झुकोव्ह भेटले, एक सडक आणि एक रेल्वेमार्ग तोंडी ठरला, आणि बैठकीचं इतिवृत्त ठेवायचं नाही हेही ठरलं. क्लेचं म्हणणं असं की एक रस्ता लिहून घेतला तर बाकीच्या रस्त्यांवरचा हक्क सोडल्यासारखं होईल. सगळे रस्ते हवेत म्हणून एकही लिहून घेतला नाही. लेखी करार फक्त आकाशाचा झाला, 30 नोव्हेंबर 1945 ला: तीन हवाई पट्टे, प्रत्येकी 32 किलोमीटर रुंद.

24 जून 1948 ला रशियाने रेल्वे थांबवली. कारण: तांत्रिक अडचण. सडकेवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद. मुंबईच्या लोकलने रोज येणाऱ्याला या भाषेचा अनुवाद करून द्यायला नको. पश्चिम बर्लिनमध्ये वीस लाखांवर माणसं, अन्न 36 दिवसांचं, कोळसा 45 दिवसांचा. रोज किमान साडेचार हजार टन माल हवा, आणि सुरुवातीच्या सी-47 विमानात तीन-साडेतीन टन मावतात.

शहराला आकाशातून जेवू घालायचं तर काही गोष्टी सांभाळा. लहान-मोठी विमानं एका पट्ट्यात मिसळू नका. वेग वेगळे, मग मागचं पुढच्यावर चढतं. सगळी सी-54 घ्या, दहाएक टन नेणारी, आणि तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सोडा. 13 ऑगस्टला ढग खाली आले. एक विमान धावपट्टीपलीकडे जाऊन पेटलं, दुसऱ्याचे टायर फुटले, आणि वर बाकीची विमानं थरावर थर लावून घिरट्या घालत बसली. त्या दिवसापासून या हवाई रसदीचा प्रमुख विल्यम टनर याने नियम केला: पहिल्या खेपेला उतरता आलं नाही तर दुसरा प्रयत्न नाही, माल घेऊन तसंच परत जा. वैमानिकाने विमान सोडून चहापाण्याला जायचं नाही. खाण्याची गाडी आणि हवामानाचा माणूस विमानापाशी येतील. टनरने हा धडा आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला रसद पोचवताना गिरवला होता.

दोन-तृतीयांश वजन कोळशाचं असतं, तेव्हा भाकरीपेक्षा शेगडीची काळजी जास्त करा. कोळसा लष्करी पोत्यांत भरा, तरी भुकटी गळतेच, फटीफटीत शिरते आणि तारा खाते. मीठ तर साध्या विमानात घालूच नका, धातू सडतो. ब्रिटिशांनी त्यासाठी पाण्यावर उतरणारी संडरलँड विमानं काढली, त्यांचं बूड मुळातच खाऱ्या पाण्यासाठी केलेलं, आणि ती हाफेल तळ्यात उतरवली. बटाटे वाळवून आणा, पाणी बर्लिनमध्ये आहे. 1949 च्या ईस्टरला टनरने हौसेने विक्रम मांडला: 24 तासांत 1398 खेपा, 12,941 टन, म्हणजे जवळजवळ मिनिटाला एक विमान.

आणि एक बारकावा. या सगळ्या काळात बर्लिनच्या हवाई सुरक्षा केंद्रात चौघांचेही अधिकारी बसत होते, रशियनही. ज्याने रस्ता अडवला त्याच्याच माणसाला टेबलापलीकडे विमानांची खबर दिली जात होती. सडकेची नाकेबंदी चालू होती, पण आकाशाचा कागद होता ना.

12 मे 1949 ला रस्ते उघडले. रशियाला अडवायचं होतं ते वेगळं पश्चिम जर्मन राज्य. ते 23 मेला झालंच, आणि त्याआधी 4 एप्रिलला बारा देशांनी नाटोवर सही केली. विमानं मात्र सप्टेंबर अखेरपर्यंत माल ओततच राहिली. अंदाजे 23 लाख टन. मित्राचा शब्द आता कुणी गृहीत धरत नव्हतं.

रागावून बैठकीला न जाण्याचा मोह होतो, तोही आवरा. चीनची खुर्ची कोणत्या चिनी सरकारची, या वादावरून सोव्हिएत प्रतिनिधी जानेवारी 1950 पासून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत येईनासा झाला. 25 जूनला अडतिसाव्या अक्षांशावरची ती रेघ ओलांडून उत्तर कोरियाचे रणगाडे दक्षिणेत घुसले. त्या महिन्यात अध्यक्षपदी भारताचे बेनेगल नरसिंह राव होते. 27 तारखेला दक्षिणेला मदत करण्याचा ठराव 7 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाला. भारत आणि इजिप्त सरकारी सूचनेची वाट पाहत बसले, विरोधाचं एकमेव मत युगोस्लाव्हियाचं. ज्याच्याकडे नकाराधिकार होता त्याची खुर्ची रिकामी. सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक 1 ऑगस्टला परतला, कारण अध्यक्षपदाची पाळी आता त्याची होती.

शेवटी, भेटवस्तू. ऑगस्ट 1945 मध्ये रशियन शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूताला कोरीव लाकडी गरुड भेट दिला, अमेरिकेचंच राजचिन्ह. राजदूताने तो निवासस्थानी आपल्या अभ्यासिकेत टांगला. आतल्या यंत्राला ना तार, ना बॅटरी. बाहेरून रेडिओलहरी सोडली की ते जागं होऊन खोलीतलं बोलणं बाहेर नेई, एरवी निपचित. सात वर्षं तो भिंतीवर होता. 1952 मध्ये संशय आला तेव्हा राजदूत होता केनन, तोच लांबलचक तारेवाला. यंत्र जागं झाल्याशिवाय सापडणार नाही, म्हणून त्याला सांगण्यात आलं की काहीतरी मोठ्याने बोलत राहा. केनन सेक्रेटरीला समोर बसवून जुनाच सरकारी मजकूर तोंडी सांगत राहिला, एकसुरात, आणि तंत्रज्ञ उपकरणं घेऊन खोलीभर फिरत होते. त्यांनी आधी गरुडामागची भिंत फोडली.