सही अमेरिकेची, भुर्दंड जगाला

युनेस्कोतून अमेरिका १९८४ साली बाहेर पडली, २००३ साली परत आली, २०१७ साली तिने पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली, २०२३ साली ती समारंभपूर्वक परतली आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिसऱ्यांदा निघून जात असल्याचे सांगून मोकळी झाली. पॅरिस हवामान कराराची कथा याहून वेगळी नाही. ओबामांनी केलेल्या करारातून ट्रम्प बाहेर पडले, बायडेन परत आत शिरले, आणि ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतल्याच्या दिवशीच पुन्हा बाहेरचा रस्ता धरला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून एखादा सभासद इतक्या वेळा रागावून बाहेर पडला असता, तर सेक्रेटरीने त्याला परत घेणे केव्हाच बंद केले असते. इथे मात्र हे महाशय परतले, की बाकीचे सारे उठून उभे राहतात, टाळ्या वाजवतात, आणि आमच्याकडचे वृत्तनिवेदक ‘अमेरिकेचे पुनरागमन’ अशी पट्टी पडद्यावर फिरवत बसतात.

गेली कित्येक वर्षे रोज सकाळी वर्तमानपत्र उघडायचे आणि अमेरिकेने काल काय ठरवले होते ते आज कसे फिरवले हे वाचायचे, याचा मला आता मनस्वी उबग आला आहे. प्रत्येक वेळी कोणीतरी समजावतो, की हा अमुक एका अध्यक्षाचा विक्षिप्तपणा आहे, तो गेला की सगळे सुरळीत होईल. हे साफ खोटे आहे. मुळात तिथली रचनाच अशी आहे, की अमेरिकेच्या अध्यक्षाने परदेशात दिलेला शब्द तह म्हणून घरी पक्का व्हायचा असेल, तर तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, दोनतृतीयांश मते लागतात. ती मिळत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे अध्यक्ष सिनेटला बगल देऊन स्वतःच्या अधिकारात करार करतो, आणि पुढचा अध्यक्ष तितक्याच सहजतेने तो केराच्या टोपलीत टाकतो. अणुचाचणीबंदी करारावर अमेरिकेने १९९६ साली सही केली, आम्ही सही करत नाही म्हणून आम्हाला वर्षानुवर्षे उपदेश केला, आणि १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्याच सिनेटने तो करार फेटाळून लावला. दक्षिण चिनी समुद्रात चीनला ज्या सागरी कायद्याचे दाखले दिले जातात, त्या कायद्याच्या मूळ करारालाही अमेरिकेच्या सिनेटने आजतागायत मान्यता दिलेली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

इराणच्या बाबतीत तर हा निर्लज्जपणा आधीच लेखी जाहीर झालेला होता. २०१५ च्या मार्चमध्ये अणुकराराच्या वाटाघाटी ऐन रंगात असताना रिपब्लिकन पक्षाच्या ४७ सिनेटरांनी इराणच्या नेत्यांना खुले पत्र धाडले, आणि ओबामांनी केलेला करार पुढचा अध्यक्ष लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी रद्द करू शकेल, असे त्यात बजावले. तरीही जुलैमध्ये व्हिएन्नात करार झाला, सुरक्षा परिषदेने तो एकमताने उचलून धरला, त्या एकमतात अमेरिकेचाही हात वर होता, आणि इराण अटी पाळत असल्याचे अहवाल आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था लागोपाठ देत राहिली. ८ मे २०१८ रोजी ट्रम्प यांनी तो करार मोडला. बरे, मोडला तर मोडला. तुम्हाला नको असेल तर तुम्ही इराणशी व्यवहार करू नका. पण नाही! करार यांनी मोडायचा आणि इराणचे तेल घेणे बंद आम्ही करायचे. जगातला बहुतेक डॉलर-व्यवहार कुठे ना कुठे न्यूयॉर्कच्या बँकांमधून जातो, त्या एकाच नळावर बोट ठेवून अमेरिका तिसऱ्याच देशांना वेठीला धरते. निर्बंध झुगारून व्यवहार केले म्हणून बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला २०१४ साली जवळजवळ नऊ अब्ज डॉलरचा दंड झाला, तेव्हापासून मोठ्या बँका हे धाडस करायला सहसा धजावत नाहीत. इराणचे तेल आम्हाला जवळचे होते आणि उधारीची मुदतही सोयीची होती. २०१९ च्या मेमध्ये सवलत संपली आणि ती खरेदी थांबली. त्या करारावर आमची सही नव्हती, तो मोडण्यात आमचा हात नव्हता, पण भुर्दंड मात्र आमच्या माथी.

इराणमधल्या चाबहार बंदराचा खेळ तर ताजा आहे. अफगाणिस्तानात माल पोहोचवायला ते उपयोगी, म्हणून २०१८ साली अमेरिकेने त्याला निर्बंधांतून वगळले. त्या भरवशावर भारताने २०२४ च्या मेमध्ये दहा वर्षांचा करार केला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ती सूट काढून घेतली गेली, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सहा महिन्यांपुरती उदारपणे बहाल झाली. बंदर बांधणारा माणूस दहा वर्षांचा हिशेब मांडतो. त्याला सहा महिन्यांची चिठ्ठी देऊन काय साधते, हे त्या वॉशिंग्टनच्या बाबूंनाच ठाऊक.

आणि रशियाचे तेल! युक्रेन युद्धानंतर तेलाचा भाव भडकू नये म्हणून, ठरावीक दराच्या मर्यादेत कोणीतरी रशियाचे तेल विकत घ्यावे असे अमेरिकेलाच वाटत होते, हे दिल्लीतले तेव्हाचे अमेरिकी राजदूत एरिक गार्सेटी यांनी २०२४ साली जाहीर कार्यक्रमात सांगितले होते. सव्वा वर्ष उलटले नाही तोच, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, त्याच तेलासाठी शिक्षा म्हणून अमेरिकेने भारतीय मालावर पंचवीस टक्के जादा आयातशुल्क लादून एकूण आकडा पन्नास टक्क्यांवर नेला. आमच्याहून जास्त रशियन तेल विकत घेणाऱ्या चीनला त्या कारणासाठी असे शुल्क लागले नाही. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात मान मोडून दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या मालाचा मोठा हिस्सा अमेरिकेला जातो. रशियाच्या तेलाच्या टँकरशी त्या कारागिराचा संबंध काय? ज्या वागण्याला काल संमती होती ते आज गुन्हा ठरले, आणि ते का ठरले हे सांगण्याचे सौजन्यही कोणी दाखवले नाही. गरज सरो, वैद्य मरो.

ज्यांना हे सारे ट्रम्पकालीन वाटते त्यांनी जरा पालघर जिल्ह्यातल्या तारापूरकडे पाहावे. १९६३ साली भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार झाला. अणुभट्ट्या अमेरिकन, बांधणी अमेरिकन कंपनीची, आणि समृद्ध युरेनियमचे इंधनही तीस वर्षे अमेरिकेनेच पुरवायचे. इतकेच नव्हे, तर या भट्ट्यांत दुसऱ्या कोणाचे इंधन घालायचे नाही, अशी अट आमच्यावर. १९६९ पासून वीज सुरू झाली, महाराष्ट्र आणि गुजरातला मिळू लागली. १९७४ साली भारताने पोखरणला चाचणी केली. त्या चाचणीत तारापूरचे इंधन वापरल्याचा आरोपही नव्हता. पण १९७८ च्या मार्चमध्ये अमेरिकेने स्वतःच्या देशात नवा कायदा केला, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या करारालाही तो लागू होतो, तेव्हा तुमच्या झाडून साऱ्या अणुकेंद्रांची तपासणी करू द्या नाहीतर इंधन विसरा, असे ऐकवले. एक देश दुसऱ्या देशाशी करार करतो आणि मग घरी जाऊन असा कायदा करतो की तो करार आपोआप मोडावा; याला आमच्या गावातल्या व्यवहारात लबाडी म्हणतात. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्टर दिल्लीला आले होते. मायक्रोफोन चालू आहे हे लक्षात न आल्याने, परत गेल्यावर मोरारजी देसाईंना एक थंड आणि रोखठोक पत्र धाडले पाहिजे, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना सांगत असताना साऱ्या पत्रकारांनी ऐकले. पाहुणचार घेत असतानाच यजमानाला खडसावण्याचा बेत!

पुढे १९८० साली ३८ टन इंधनाचा प्रश्न त्यांच्या सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी कसाबसा सुटला. दोन सिनेटरांची मर्जी फिरली असती तर तेही इंधन अडकले असते. शेवटी १९८२ साली फ्रान्सला मध्ये घालून अमेरिकेने अंग काढून घेतले. वापरलेल्या इंधनाचे काय? ते अमेरिकेने परत नेले नाही आणि आम्हाला त्यावर प्रक्रिया करण्याची संमतीही दिली नाही. ते तारापूरलाच पडून राहिले. आमच्या शास्त्रज्ञांनी मिश्र ऑक्साईडचे इंधन तयार करून, फ्रान्स, चीन, रशिया अशी दारे ठोठावून त्या भट्ट्या चालू ठेवल्या, त्याचे श्रेय मात्र कोणी गात नाही.

तारापूरचे पोळलेले तोंड लक्षात ठेवून २००८ च्या अणुकरारात भारताने इंधनपुरवठ्याची हमी आग्रहाने लिहून घेतली. त्या करारापायी डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत नोटांची बंडले नाचवली गेली, आणि मनमोहन सिंग सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचले. सप्टेंबरमध्ये जॉर्ज बुश यांनी तो करार त्यांच्या संसदेकडे, म्हणजे तिथल्या काँग्रेसकडे, मंजुरीसाठी पाठवला, तेव्हा सोबतच्या पत्रात काय लिहिले? इंधनाच्या त्या हम्या राजकीय स्वरूपाच्या आहेत, कायद्याने बंधनकारक नाहीत. इथे सरकार पणाला लागले होते आणि तिथे त्या हमीची किंमत एका वाक्यात शून्य केली गेली. हे माहीत असूनही आमच्याकडे पेढे वाटले गेले, याचा राग मला अमेरिकेपेक्षाही अधिक येतो.

सामान्य माणसाच्या घरात हे धोरण कसे शिरते तेही पाहा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या नात्यातली एक मुलगी घटस्थापनेला घरी असावे म्हणून सुट्टी काढून साताऱ्याला आली होती. शनिवारी सकाळी बातमी फुटली, की अमेरिकेतल्या नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचे शुल्क लागू होत असून अंमल रविवारपासूनच आहे. शुल्क दरवर्षी की एकदाच, जुन्या व्हिसाधारकांना की नव्यांना, हे कोणालाच कळेना. अमेरिकेचे वाणिज्यमंत्री ‘दरवर्षी’ असे म्हणत होते. तिच्या कंपनीने मिळेल त्या विमानाने परत या, असे कळवले. दुप्पट-तिप्पट भाडे मोजून पोरीने आईने पाठवलेल्या करंज्यांचा डबाही न घेता मुंबई गाठली, आणि ती विमानात असतानाच व्हाइट हाउसने खुलासा केला, की शुल्क एकदाच आहे, ते नव्या अर्जांनाच आहे, जुन्यांनी काळजी करू नये. म्हणजे जगातली सर्वांत मोठी सत्ता हजारो कुटुंबांच्या जिवाला घोर लावणारा हुकूम काढते आणि त्याचा अर्थ काय हे तिलाच दुसऱ्या दिवशी सुचते. तिकिटाचे पैसे कोण देणार? विचारण्याची सोयच नाही.

एवढे होऊनही आमच्या वाहिन्यांवरच्या चर्चा ऐकाव्यात, तर दोन नेत्यांनी मिठी किती सेकंद मारली, पाठीवर थाप कोणी दिली, ‘माझे मित्र’ हे शब्द कितीदा उच्चारले, याच्या पलीकडे कोणी जात नाही. मैदाने भरवून ‘हाउडी मोदी’ आणि ‘नमस्ते ट्रम्प’ झाले, त्याच काळात, २०१९ च्या जूनमध्ये, भारताला मिळणारी व्यापारातली विशेष सवलत काढून घेतली गेली होती, याची आठवण एकाही सूत्रसंचालकाला राहत नाही. पुढच्या वेळी दोन्ही देशांचे संयुक्त निवेदन निघेल, तेव्हा ‘ऐतिहासिक’ असा मथळा टाकण्याआधी संपादकांनी एवढे तरी छापावे, की हा करार सिनेटपुढे गेला आहे का, तो मोडल्यास भरपाई कोण देणार, आणि काँग्रेसला पाठवलेल्या पत्रात अध्यक्षांनी नेमके काय लिहिले आहे. त्या निवेदनावर दिल्लीतून सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही पत्रकार परिषदेत उत्तरे देण्याच्या तयारीनेच यावे.