रोलरवाल्या वॉशिंग मशीनबद्दल खुलासा

'जुन्या बाजारात कपडे पिळायचे दोन रोलर असलेलं वॉशिंग मशीन दिसलं तर ते 1947 च्या आधीचंच, लाखांत विकतं' असा मेसेज पुण्यात फिरतोय. रोलरवरून वय ठरत नाही. मेटॅग कंपनी अमेरिकेत अशी मशिनं 1983 पर्यंत बनवत होती.

वय शोधायचं ते मशीनवर लावलेल्या माहितीच्या धातूच्या पट्टीवर. ती बहुधा मागे किंवा खाली असते; रॉकेलच्या बोळ्याने पुसा, सँडपेपर नको, अंक जातात. तिच्यावरच्या अमेरिकन पेटंट क्रमांकांतला सर्वांत मोठा बघा. 20 लाखांच्या पुढचा असेल तर मशीन 1935 च्या आधीचं नाही, 30 लाखांच्या पुढचा असेल तर 1961 च्या आधीचं नाही. विजेची वारंवारता 'सायकल्स'ऐवजी 'हर्ट्झ'मध्ये लिहिली असेल तर मशीन साठच्या दशकाच्या आधीचं असणं अवघड.

मेसेजमधला 'प्लग लावून मोटर फिरते का बघा' हा सल्ला तर घातक. अमेरिकेतली 115 व्होल्ट, 60 सायकलची (म्हणजे 60 हर्ट्झची) मोटर आपल्या 230 व्होल्टवर जळते. स्टेपडाऊन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावला तरी 50 हर्ट्झवर ती साधारण सहाव्या हिश्शाने मंद चालते आणि जास्त तापते. शिवाय वायरीवरचं जुनं रबर तडकलेलं असतं, बॉडीत करंट उतरतो. आधी इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या. इन्सुलेशनचा रोध एक मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) खाली असेल तर प्लग लावूच नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.