अजिंक्य संघ हवाय? आधी शेजाऱ्याशी भांडा

तुमच्या कॉलेजच्या संघाला इतिहासात जागा हवी असेल, तर प्रशिक्षक, सराव, खुराक वगैरे नंतर बघा. आधी शेजारच्या कॉलेजशी भांडा, आणि तेही तिकिटाच्या पैशांवरून. खेळावरून झालेलं भांडण मैदानात मिटतं. गल्ल्यावरून बिनसलं की सामनाच रद्द होतो, हिशेबाच्या वहीत खड्डा पडतो आणि तो बुजवता बुजवता पोरं अमर होतात.

खोटं वाटत असेल तर अमेरिकेतल्या टेनेसीत जा. तिथल्या पठारावर सुवॉनी नावाचं गाव आहे आणि गावात चर्चचं एक चिमुकलं विद्यापीठ. 1899 साली त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी गेटच्या कमाईवरून वाजलं आणि हक्काची मिळकत गेली. संघाचा व्यवस्थापक ल्यूक ली हा विद्यार्थीच होता. दुसऱ्या कुणी वर्गणीची पावतीपुस्तकं छापून घेतली असती. यानं रेल्वेचं वेळापत्रक काढलं.

ते वेळापत्रक तुम्हीही भिंतीवर लावून ठेवा. 9 नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाला 12-0 हरवायचं. रात्री गाडीत बसायचं. 10 तारखेला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम, 10-0. पुन्हा गाडी. 11 ला न्यू ऑर्लीन्समध्ये टुलेन, 23-0. रविवारी सुट्टी, कारण विद्यापीठ चर्चचं, देवाला तोंड दाखवायला नको? सोमवारी बॅटन रूजला लुइझियाना स्टेट, 34-0, आणि मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपी, 12-0. सहा दिवसांत पाच सामने, 91 गुण, समोरच्यांना भोपळा. प्रवास अडीच हजार मैलांचा, म्हणजे चार हजार किलोमीटरच्या घरात. विश्रांती आगगाडीत होतेच, वेगळी कशाला?

खेळाडू किती न्यायचे? विसाच्या आसपास पुरेत. त्या काळी जे अकरा हल्ला करायचे, तेच बचावही करायचे, त्यामुळे तिकिटं वाचतात. चेंडू पुढच्या दिशेनं फेकायला तेव्हा बंदी, म्हणजे सगळा खेळ ढिगाऱ्यात घुसण्याचा. हेल्मेटवर फारसा खर्च नाही, केस वाढवले की झालं. टेक्सासच्या सामन्यात कर्णधार सीबल्सचं डोकं फुटलं, तर पट्टी चिकटवून तो खेळत राहिला. खर्चाच्या वहीत पट्टी ही एकच नोंद. डॉक्टर, विमा, फिजिओ ही नंतरच्या पिढीची थेरं.

सामान बांधताना मात्र थोडा गोंधळ घालाच, त्याशिवाय दंतकथा तयार होत नाही. सुवॉनीच्या पोरांचे बूट म्हणे फलाटावरच राहिले आणि मागच्या गाडीने त्यांना गाठत आले. गावच्या झऱ्याचं पाणी मात्र पिंपात भरून बरोबर नेलं होतं, असंही सांगतात. बूट विसरले तरी चालतील, पाणी परक्याचं नको. हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटेल.

त्या हंगामात एकूण बारा सामने, बाराही जिंकले. 322 गुण केले, खाल्ले फक्त 10. तेही एकट्या ऑबर्नकडून, 11-10 अशा निसटत्या सामन्यात. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइजमन. आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला जो चषक मिळतो, तो याच्या नावाचा. तेव्हा हरायचंच असेल तर एका गुणाने हरा; चषकाला नाव तुमचं लागण्याची शक्यता वाढते.

पुढचं फारसं विचारू नका. मोठ्या विद्यापीठांची साऊथईस्टर्न कॉन्फरन्स ही क्रीडा-साखळी 1932 मध्ये निघाली, तेव्हा सुवॉनी संस्थापकांत होतं. 1940 मध्ये ते बाहेर पडलं. त्या दरम्यान त्यांनी कॉन्फरन्समधला एकही सामना जिंकला नाही. पण पुतळे आणि पुस्तकं आधीच्या हंगामावर निघतात, त्यामुळे बिघडलं काही नाही.

व्यवस्थापक निवडताना मात्र घाई करू नका. ल्यूक ली पुढे वर्तमानपत्राचा मालक झाला, सिनेटर झाला आणि बँकेच्या भानगडीत तुरुंगातही जाऊन आला. मधल्या काळात, जानेवारी 1919 मध्ये, हॉलंडमध्ये आश्रयाला बसलेल्या जर्मनीच्या माजी कैसरला उचलून आणायला तो काही सोबती घेऊन थेट त्या वाड्यात शिरला होता. कैसर काही हाती लागला नाही. सोबत्यांपैकी एकाने तिथला अ‍ॅशट्रे मात्र खिशात घालून आणला.