ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणजे तिजोरीतले पैसे नव्हेत

छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी संपताना कामगाराला द्यायच्या रकमेची, तरतूद ताळेबंदात दाखवली की काम झालं, रोखीला धक्का नाही, वर कर वाचतो; त्यासाठीच्या वेगळ्या ट्रस्टमध्ये, म्हणजे फंडात, पैसे भरणं म्हणजे भांडवल अडकवणं. मी कारखान्यांचे हिशेब लिहितो. या मेसेजवर विसंबून राहिलेल्यांची तारांबळ मी पाहिली आहे.

‘तरतूद केली, म्हणजे सोय झाली.’ नाही झाली. तरतूद ही देण्याच्या बाजूची नोंद. समोर तेवढी ठेव असेलच असं नाही. ते पैसे कधीच कच्च्या मालात, उधारीत, नव्या मशीनमध्ये गेलेले असतात. एका फाउंड्रीत 29 वर्षं काढलेल्या मोल्डरच्या (साचे घडवणाऱ्या कामगाराच्या) हातावर पुढच्या तारखांचे चार चेक ठेवले गेले. ताळेबंदात त्याची तरतूद पूर्ण होती.

‘रोखीवर परिणाम नाही.’ हा समज कुठून येतो ते कळतं. रोख प्रवाहाच्या पत्रकात तरतुदीची रक्कम नफ्यात परत मिळवतात, कारण त्या वर्षी पैसे बाहेर गेलेले नसतात. पण जातात तेव्हा कसे जातात? समजा, एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000, नोकरी 30 वर्षं. महिन्याचे 26 दिवस धरून दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यायचा. 26 ने भागा, 15 ने आणि 30 ने गुणा: 4,50,000. हिशेब शेवटच्या पगारावर, त्यामुळे त्याला 2,600 ची वाढ दिली की देणं 45,000 ने वाढतं. मालकाला दिसतात फक्त 2,600.

त्यात कारखाना सुरू होताना एकदम भरती झालेली पोरं निवृत्तीच्या वयाला, 58 लाही, एकदमच पोचतात. अशी सहा माणसं म्हणजे 27 लाख, देय झाल्यापासून 30 दिवसांत. उशीर झाला तर वर व्याज. पगार, पीएफ, जीएसटी त्या महिन्यातही चुकत नाहीत. कामगार दगावला तर पाच वर्षांच्या नोकरीची अटही राहत नाही. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतरच हक्क मिळतो, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरतात. म्हणजे ज्यांनी मूळ पगार मुद्दाम कमी ठेवला, त्यांची जुनी तरतूदही अपुरी.

‘कर वाचतो.’ नुसत्या तरतुदीवर वाचत नाही. वजावट मिळते ती मान्यताप्राप्त फंडात भरलेल्या किंवा त्या वर्षी खरोखर देय झालेल्या रकमेची. पुस्तकात नफा घटतो, आयकर मात्र तरतूद न धरता रोख भरावा लागतो.

‘भांडवल अडकतं.’ यात तथ्य आहे. कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं, व्याज बहुधा फंडाच्या परताव्याहून जास्त पडतं, म्हणून ओढाताणीतल्या कारखान्याने मागची सगळी बाकी एकदम भरावी असं मी म्हणणार नाही. पण बँकेची ही उचल मालसाठा आणि गिऱ्हाइकांकडचं येणं यांवर मिळते. मंदीत दोन्ही आटतात, आणि माणसं कमी करायची वेळही तेव्हाच येते. ग्रॅच्युइटी त्यांनाही द्यावीच लागते.

हजेरीपट घ्या. प्रत्येक नावापुढे तो 58 चा कधी होतो ते साल लिहा. ज्या सालासमोर सर्वांत जास्त नावं येतील तिथून मागे मोजत दरवर्षी फंडात किती भरायचं ते ठरवा, आणि पहिला हप्ता याच वर्षी भरा.