कडा स्वच्छ आल्या तरी शेक का?

स्तनाच्या कर्करोगावरच्या एका लेखात म्हटलंय, गाठ काढली, कडा स्वच्छ आल्या (म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कर्करोगाच्या पेशी नाहीत), तर रेडिएशन, म्हणजे शेक, बहुधा 'जादाची खबरदारी'. हे पटलं नाही. उरलेल्या स्तनात कर्करोगाच्या सूक्ष्म पेशी राहू शकतात, त्या स्कॅनलाही दिसत नाहीत. २०११ साली दहा हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण शेक न घेता ३५ टक्के, घेतल्यावर १९. याला जादाची खबरदारी कसं म्हणायचं?

हां, वय ६५ च्या पुढे, गाठ लहान, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी), काखेतल्या गाठींत आजार नाही आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या नेमाने चालू, तर शेक टाळण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. प्राईम-२ चाचणीत अशा स्त्रियांचं दहा वर्षांचं जगणं शेक घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखंच होतं. स्तनात आजार परतला तो मात्र शेक न घेता ९.५, घेतल्यावर ०.९ टक्के.

माझ्या ताईला डाव्या बाजूचे १५ शेक होते. हृदय किरणांपासून लांब राहावं म्हणून श्वास भरून रोखायचा, ती घरी घड्याळ लावून सराव करायची. मशीनखाली काहीच दुखलं नाही. स्तनाखालच्या घडीतली कातडी काळवंडून सोलली ती शेक संपल्यावर, आणि ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं!