अमेरिकेत पहिल्या दिवसापासून सगळे समान? मामींच्या फॉरवर्डला उत्तर

"अमेरिकेकडून शिका" नावाचा एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. दावे पाच. ४ जुलै १७७६ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी राज्यघटना लागू झाली, पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मताचा हक्क होता, नागरिकत्व देताना जात-धर्म-रंग कधीच बघितला नाही फक्त लायकी बघितली, आपली घटना म्हणजे त्यांची कॉपी, आणि दोन टर्म झाल्या की राष्ट्राध्यक्ष घरी हा नियम वॉशिंग्टनपासून चालत आलाय. एरवी मी असलं काही उघडूनही बघत नाही, पण मामींनी तो न्यू जर्सीतल्या दादाला पाठवला, "सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल, वाचून ठेव" म्हणून. मामी, हे वाचून तो गेला तर नापास होईल हो!

त्या परीक्षेचे प्रश्न उत्तरांसकट तिथल्या सरकारनेच वेबसाइटवर टाकलेत, कुणीही वाचावेत. त्यात घटनेचं साल १७८७ दिलंय. म्हणजे पहिला मुद्दा तिथेच आटोपला. १७७६ ला फक्त स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, बऱ्याच जणांच्या सह्या तर ऑगस्टमध्ये झाल्या, इंग्लंडशी तह व्हायला १७८३ उजाडलं, मग फिलाडेल्फियात बसून घटना लिहिली आणि नवं सरकार सुरू झालं १७८९ ला.

मताचा हक्क. सुरुवातीला बहुतेक राज्यांत ज्याच्याकडे मालमत्ता आहे अशा गोऱ्या पुरुषालाच मत होतं. वंशावरून मत नाकारायला बंदी आली १८७० ला, आणि तरीही दक्षिणेत काळ्या लोकांना १९६५ च्या कायद्यापर्यंत या ना त्या युक्तीने बाहेरच ठेवलं. बायकांना देशभर मत मिळालं १९२० ला. आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो, आणि ती नेमकी दादाच्या न्यू जर्सीचीच आहे. तिथल्या १७७६ च्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या रहिवाशाला मत होतं, पुरुषच हवा असं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे विधवा आणि बिनलग्नाच्या बायका खरंच मत द्यायच्या (लग्न झालेलीची मालमत्ता नवऱ्याची, म्हणून ती बाद). १८०७ ला तेही काढून घेतलं. फॉरवर्डवाल्याला हे ठाऊक असेल असं वाटत नाही, चुकून थोडं बरोबर आलंय.

आता तिसरा मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. "रंग कधीच बघितला नाही." अहो, नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा, आणि त्याची पहिली अटच ही की अर्जदार 'स्वतंत्र गोरा' माणूस पाहिजे! मग दोन वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक वगैरे. लायकीचा नंबर नंतरचा. आणि ही अट कागदावर पडून नव्हती, आपल्याच लोकांना तिचा फटका बसलाय. १९१० मध्ये मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा कोर्टात 'गोरे' ठरले, त्यांना नागरिकत्व मिळालं. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते, पंजाबातले शीख, कोर्टात बाजू मांडली ती अशी की मी उच्च जातीचा आर्य आहे म्हणजे गोराच की! सुप्रीम कोर्टाने १९२३ ला सांगितलं, शास्त्र काय म्हणायचं ते म्हणो, साधा अमेरिकन माणूस तुम्हाला गोरा समजत नाही, सबब नागरिकत्व नाही. म्हणजे रंगही बघितला आणि जातही चर्चेला आली, दोन्ही. हा निकाल आजही वाचता येतो, फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी एकदा वाचा. त्यानंतर ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही सरकार काढून घ्यायला लागलं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित, त्यांच्यावरही केस झाली, पण हा पठ्ठ्या स्वतःची केस लढून जिंकला. बाकीच्यांचं नशीब तेवढं नव्हतं. भारतीयांना हा दरवाजा परत उघडला १९४६ ला, आणि येणाऱ्यांचा कोटा किती, तर वर्षाला १००.

आणि गुलामगिरीचं काय? १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांपैकी जवळपास ७ लाख गुलाम होते. त्या जाहीरनाम्यात "सर्व माणसं समान" लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनकडे आयुष्यभरात ६०० च्या वर गुलाम होते. राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब खुद्द घटनेत होता. ही प्रथा कायद्याने संपली १८६५ ला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच. पुण्यात बसून दीडशे वर्षांपूर्वी त्यांना जे माहीत होतं ते खिशात इंटरनेट घेऊन फिरणाऱ्यांना माहीत नाही, काय बोलायचं!

कॉपीचा मुद्दा अर्धा खरा आहे, मूलभूत हक्कांवर अमेरिकेची छाप आहेच. पण संसदेला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ ब्रिटिश पद्धतीचं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात दोन्ही पद्धतींतला फरक नीट समजावलाय. तिकडे संघराज्याचं एक आणि राज्याचं एक असं दुहेरी नागरिकत्व, आपल्याकडे एकच. उसनं घेतल्याच्या आरोपालाही तिथेच उत्तर आहे की घटनेच्या मूळ कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं. आणि १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत आपण बाईमाणसासकट सगळ्या प्रौढांना मत दिलं, ते कुठून कॉपी केलं म्हणे?

राहिल्या दोन टर्म. वॉशिंग्टन दोनदा होऊन स्वतःहून बाजूला झाले, खरंय, पण नियम नव्हता, प्रथा होती. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, मग १९५१ ला घटनादुरुस्ती करून मर्यादा घातली. दादाला मी ती सरकारी यादी पाठवली आहे, मामी, तुम्ही तेवढा फॉरवर्ड ग्रुपवरून डिलीट करा.