आजी मनस्वी होती, तेही लिहिलंत हे फार बरं केलंत

आजी गेल्यावर तिच्याबद्दल नातीने लिहिलेला हा लेख वाचताना डोळे भरून आले. तुम्ही तिला देव्हाऱ्यात बसवलं नाहीत, हे मला सगळ्यांत भावलं. बाई गेली की प्रेमळ, सोशिक, त्यागी हे शब्द ठरलेलेच. तिचा हट्ट, खळखळून हसणं, मनात आलं की प्रवासाला निघणं, यांवर मात्र पडदा पडतो.

माझी आईही अशीच. साठी उलटल्यावर पोहायला शिकली आणि नातवंडांनाही पाण्यात उतरवलं. मुलं आजीची आठवण काढतात ती तिथूनच.

एक मनापासून सांगते. नातवंडांना आजी भेटते ती उतारवयात. तिचं तरुणपण ठाऊक असतं भावंडांना, मैत्रिणींना. ती माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. जुन्या फोटोंच्या मागे नावं आणि साल लिहा, पण मऊ पेन्सिलीने, कारण शाई पुढच्या बाजूला उमटू शकते. आई लग्नाआधी नाटकांत पुरुषाची भूमिका करायची, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं!